सीमा ओलांडली की वर्षं कुणी मोजायची?

एक गवंडी आहे असं समजा. त्याने इटलीत १२ वर्षं काम केलं, मग स्पेनमध्ये ११ आणि शेवटी जर्मनीत ४. एकूण २७ वर्षं. तिन्ही देशांत दर महिन्याला त्याच्या पगारातून पेन्शनची वर्गणी कापली गेली, मालकांनीही आपापला वाटा भरला. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून तो पेन्शनचा अर्ज घेऊन खिडकीशी उभा राहतो.

इटलीच्या खिडकीवर कळतं की वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी तिथे साधारणपणे २० वर्षांची वर्गणी लागते. याची १२ भरतात. स्पेनमध्ये १५ लागतात, याची ११. जर्मनीत तर ५ वर्षंही पुरतात, पण याची ४ आहेत. तिन्ही खिडक्यांवरची माणसं आपापल्या कायद्याप्रमाणे बरोबर बोलताहेत. कुणी फसवलेलं नाही, कुणी पैसे खाल्लेले नाहीत. तरी २७ वर्षं विटा रचलेल्या माणसाच्या हाती शून्य.

युरोपात आज त्याच्यावर ही वेळ येत नाही. ती का येत नाही, त्यामागे कोणती यंत्रणा आहे आणि ती कुठे अडखळते, हे या लेखात सांगतो. सरकारी भाषेत याला ‘रोजगार आणि सामाजिक धोरणांचा समन्वय’ म्हणतात. मला विचाराल तर सगळा विषय एका प्रश्नात मावतो: माणूस शेजारच्या देशात कामाला गेला, तर त्याची वर्षं कुणी मोजायची?

कोळशाच्या बदल्यात माणसं

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. बेल्जियमकडे कोळशाच्या खाणी होत्या, पण खाली उतरायला माणसं नव्हती. इटलीकडे माणसं होती, पण त्यांना काम नव्हतं आणि देशाला कोळसा नव्हता. जून १९४६ मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला. इटलीने ५०,००० कामगार पाठवायचे, बेल्जियमने इटलीला कोळसा द्यायचा. गेलेल्या कामगारांपैकी अनेकांना आधी युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या बराकीत ठेवलं गेलं.

८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेल इथल्या खाणीत आग लागली. २६२ कामगार गेले. त्यातले १३६ इटालियन होते. गावाकडे राहिलेल्या त्यांच्या बायकामुलांना कुठल्या देशाने, किती आणि किती दिवस मदत द्यायची, हा तेव्हा चर्चासत्रातला प्रश्न उरला नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९५७ साली, बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या सहा देशांनी रोमचा करार केला. त्या करारातच एक कलम होतं: एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या कामगाराची सामाजिक सुरक्षा तुटू द्यायची नाही. या कामाची तयारी याच सहा देशांच्या आधीच्या कोळसा आणि पोलाद समुदायात चालू होती, त्यामुळे दुर्घटनेमुळेच कलम आलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण घाई किती होती बघा. १९५८ साली, रोमच्या कराराने जन्मलेल्या युरोपीय आर्थिक समुदायाने नियमावल्या काढायला सुरुवात केली, तेव्हा स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेची नियमावली क्रमांक ३ ची होती. शेती, व्यापार, मासेमारी यांचे मोठमोठे नियम सगळे नंतर आले.

ती नियमावली १९७१ मध्ये नव्याने लिहिली गेली, पुन्हा २००४ मध्ये. सध्या चालते ती २००४ ची, १ मे २०१० पासून लागू झालेली. त्या समुदायातूनच पुढे घडलेल्या युरोपीय संघाचे २७ देश आणि त्यांच्या जोडीला नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंड तिच्यात आहेत. उत्तरेकडच्या देशांनी तर हे काम आणखी आधी सुरू केलं होतं. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड यांनी १९५४ मध्येच आपसात सामाईक श्रमबाजार उघडला आणि १९५५ मध्ये आइसलँडला घेऊन सामाजिक सुरक्षेचा करार केला.

प्रत्येकाची चूल वेगळी

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. युरोपीय संघ म्हणजे सगळीकडे एकच पेन्शन, एकच बेकारी भत्ता, एकच निवृत्तीचं वय, असं अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही. कुठल्या वयात निवृत्त व्हायचं, पगाराच्या किती टक्के वर्गणी कापायची, भत्ता किती महिने द्यायचा, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो.

त्याला कारणही तसंच आहे. जर्मनीची पद्धत १८८० च्या दशकात बिस्मार्कच्या काळात घडली: आजारपणाचा विमा १८८३ मध्ये, वृद्धापकाळाचा १८८९ मध्ये, कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून. डेन्मार्कची मूळ पेन्शन करांतून दिली जाते आणि तिथे तुम्ही किती वर्षं राहिलात यावर ठरते. या पद्धती शंभरेक वर्षांच्या भांडणांतून, संपांतून आणि निवडणुकांतून तयार झाल्या आहेत. कुणी त्या सोडून शेजाऱ्याची पद्धत घेणार नाही, आणि तशी अपेक्षा करणंही मला योग्य वाटत नाही. म्हणून प्रत्येकाची चूल जशी होती तशी ठेवली आणि फक्त सामाईक भिंतीपुरते नियम केले.

ते नियम मुळात चार. पहिला, एका वेळी माणसाला एकाच देशाचा कायदा लागू होतो. दोन देशांत वर्गणी भरायची नाही आणि एकाही देशात नाही असंही होऊ द्यायचं नाही. साधारणपणे जिथे काम, तिथला कायदा. दुसरा, बाहेरून आलेल्याला स्थानिक माणसासारखीच वागणूक. तिसरा, वेगवेगळ्या देशांतल्या वर्षांची बेरीज. चौथा, मिळालेली पेन्शन माणूस जिथे राहायला जाईल तिथे पोचली पाहिजे. देश सोडला म्हणून ती बंद करता येत नाही किंवा कापता येत नाही.

यातला तिसरा नियम आपल्या गवंड्याला तारतो. प्रत्येक देश विचारतो, ‘या माणसाने सगळीकडे मिळून किती वर्षं वर्गणी भरली?’ उत्तर २७. इटलीची २० ची अट पुरी झाली, स्पेनची १५ ची झाली, जर्मनीची ५ ची झाली. तिन्ही दारं उघडली.

आता किती द्यायचं? प्रत्येक देश असं धरून चालतो की हा माणूस २७ च्या २७ वर्षं आमच्याकडेच होता, आणि त्या हिशोबाने पूर्ण पेन्शन काढतो. मग त्यातला फक्त आपल्या वर्षांचा हिस्सा देतो. समजण्यापुरते काही आकडे घेऊ. इटलीच्या कायद्याने २७ वर्षांची पेन्शन महिना ९०० युरो होत असेल, तर इटली त्यातले २७ पैकी १२ भाग म्हणजे ४०० युरो देईल. स्पेनच्या हिशोबाने ८१० होत असतील, तर २७ पैकी ११ भाग, ३३० युरो. जर्मनीच्या हिशोबाने १,०८० होत असतील, तर २७ पैकी ४ भाग, १६० युरो. तिन्ही मिळून ८९०. मघाशी शून्य होतं.

माणसाला तीन देशांत खेटे घालावे लागत नाहीत. राहत्या देशात एकदा अर्ज केला की तिथलं कार्यालय बाकीच्यांना कळवतं. मात्र निवृत्तीचं वय प्रत्येकाचं वेगळं असल्यामुळे एका देशाचे पैसे आधी सुरू होतात आणि दुसऱ्याचे दोन वर्षांनी, असं होऊ शकतं. आणि एखाद्या देशात एक वर्षापेक्षाही कमी काम झालं असेल, तर तो देश सहसा वेगळी पेन्शन देत नाही; तेवढे महिने बाकीचे देश आपल्या हिशोबात धरतात. महिने वाया जात नाहीत, एवढं पाहिलेलं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे पीएफ आठवेल. पुण्यातली नोकरी सोडून नागपुरात लागलो की जुन्या खात्यातले पैसे नव्या खात्यात वळवून घेतो. २०१४ पासून युएएन नंबर आल्यावर तर ते बरंच सोपं झालं. युरोपातली गोष्ट नेमकी याच जागी वेगळी आहे. तिथे पैसा एका देशातून दुसऱ्या देशात हलतच नाही. इटलीत भरलेली वर्गणी इटलीतच राहते आणि इटलीच ती फेडते. सीमेपलीकडे जाते ती फक्त माहिती: या माणसाने अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वर्गणी भरली. एकमेकांच्या तिजोरीत हात न घालता एकमेकांच्या वहीवर विश्वास ठेवायचा, ही मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. तिजोऱ्या एक करायला निघाले असते तर सहा देशही एकत्र आले नसते.

सकाळी लक्झेंबर्ग, संध्याकाळी फ्रान्स

नियम कागदावर सोपे वाटतात. ते कुठे ताणले जातात हे बघायचं असेल तर लक्झेंबर्गला जावं. पावणेसात लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशात रोज दोन लाखांहून जास्त माणसं बाहेरून कामाला येतात. फ्रान्समधल्या मेत्झ आणि तियोंव्हिलहून, बेल्जियममधल्या आर्लोंहून, जर्मनीतल्या ट्रिअरहून. संध्याकाळी घरी परत. आपल्याकडे कर्जत-कसाऱ्याहून मुंबईला लोकलने जातात तसंच, फक्त वाटेत देशाची सीमा लागते.

काम लक्झेंबर्गमध्ये, म्हणून वर्गणी लक्झेंबर्गला. डॉक्टरकडे मात्र दोन्ही देशांत जाता येतं. इथपर्यंत ठीक. नोकरी गेली की चित्र बदलतं. पूर्ण बेकार झालेल्या अशा कामगाराला बेकारी भत्ता राहत्या देशाने द्यायचा असा नियम आहे. कारण नवी नोकरी तो बहुधा घराजवळ शोधेल आणि रोजगार कार्यालयाला त्याच्यावर लक्षही तिथेच ठेवता येईल. म्हणजे वर्षानुवर्षं वर्गणी घेतली लक्झेंबर्गने आणि भत्ता द्यायचा फ्रान्सने. लक्झेंबर्ग फ्रान्सला भरपाई देतं ती पहिल्या तीन महिन्यांची, आणि माणसाने आधीच्या २४ महिन्यांत निदान १२ महिने काम केलेलं असेल तर पाच महिन्यांची. पुढचा भार फ्रान्सचा.

हे फ्रान्सला खटकतं, आणि खटकणं रास्त आहे. डिसेंबर २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, बदल सुचवला. त्यानंतर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये तडजोडीचा मसुदा तयार झाला, आणि दोन्ही वेळा सदस्य देशांच्या प्रतिनिधींनी तो मान्य केला नाही. कामगाराच्या हक्काबद्दल तिथे कुणाचं दुमत नव्हतं. बिल कुणी भरायचं, यावर गाडी अडली.

मग कोविड आला आणि या दोन लाखांतली कितीतरी माणसं घरूनच काम करू लागली. आता काम नेमकं कुठल्या देशात होतंय? नियम असा होता की राहत्या देशात कामाचा २५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग होत असेल तर वर्गणी राहत्या देशात भरायची. म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला म्हणून माणसाची सगळी सामाजिक सुरक्षा एका देशातून दुसऱ्या देशात गेली असती. साथीच्या काळात सूट दिली गेली. ती संपताच १ जुलै २०२३ पासून अनेक देशांनी आपसात करार केला: घरून होणारं काम ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर अर्ज करून मालकाच्याच देशातला विमा चालू ठेवता येईल. ज्या देशांनी सही केली त्यांच्यातच तो चालतो.

पाठवलेला कामगार

सर्वांत जास्त वाद मात्र वेगळ्या प्रकारच्या कामगारावरून झाला. तो स्वतः नोकरी शोधत परदेशी जात नाही, कंपनी त्याला तात्पुरत्या कामासाठी पाठवते. पोलंडमधल्या कंपनीला बेल्जियममध्ये इमारत बांधायचं कंत्राट मिळालं, तिने आपली माणसं तिकडे नेली. काम पुढच्या २४ महिन्यांपेक्षा जास्त चालणार नसेल तर त्यांची वर्गणी पोलंडमध्येच भरत राहायची मुभा आहे, आणि त्याचा पुरावा म्हणून ए१ नावाचा दाखला मिळतो. दर थोड्या महिन्यांनी माणसाचं खातं इकडून तिकडे न्यायला लागू नये, हा त्यामागचा हेतू.

हेतू चांगला असला तरी फट मोठी राहिली. १९९६ च्या नियमानुसार अशा कामगाराला यजमान देशातले किमान वेतनदर द्यायला लागायचे, पूर्ण स्थानिक मजुरी नव्हे. शेजारी काम करणाऱ्या स्थानिक गवंड्याला बोनस, प्रवासभत्ता, थंडीचा भत्ता, सगळं मिळतंय आणि याला नुसता पाया. लोकांना राग आला, आणि तो राग दुर्दैवाने बहुतेक वेळा कामगारावरच निघाला. २००५ मध्ये फ्रान्समध्ये ‘पोलिश प्लंबर’ हा शब्द राजकीय प्रचारात धाक दाखवायला वापरला गेला.

स्वीडनमध्ये वाक्सहोल्म नावाचं गाव आहे. २००४ मध्ये तिथली शाळा दुरुस्त करायचं काम लाव्हाल नावाच्या लाटव्हियन कंपनीकडे होतं. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. मजुरी कामगार संघटना आणि मालक बोलणी करून ठरवतात. लाव्हालने स्थानिक करार मान्य केला नाही, तेव्हा बांधकाम संघटनेने कामाची नाकेबंदी केली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २००७ मध्ये निकाल लागला तो संघटनेच्या विरोधात: या नाकेबंदीने दुसऱ्या देशात सेवा देण्याच्या स्वातंत्र्यात अडथळा येतो. कामगार चळवळीला हा निकाल फार लागला, आणि माझ्या मते त्यांचं दुखणं खरं होतं. सीमा कंपन्यांसाठी उघडल्या आणि मजुरीचं रक्षण मागे राहिलं, असं तेव्हा झालं.

दुरुस्ती यायला दहा वर्षं गेली. २०१८ मध्ये नियम बदलला आणि ३० जुलै २०२० पासून लागू झाला. आता कायद्याने किंवा सर्वांना बंधनकारक असलेल्या करारांनी ठरलेले मजुरीचे सगळे घटक पाठवलेल्या कामगारालाही द्यायचे. आणि १२ महिने, फार तर १८ महिने उलटले की यजमान देशाचे जवळजवळ सगळे कामगार कायदे लागू. पोलंड आणि हंगेरी याविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की स्वस्त मजुरी हीच आमच्या कंपन्यांची ताकद आहे आणि श्रीमंत देश ती काढून घेताहेत. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. मला पोलंडची अडचण समजते, पण समान कामाला समान मजुरी मिळाल्याने पोलिश कामगाराचं नुकसान होतं, हे काही पटत नाही.

कागदी कंपन्यांचा उपद्रव मात्र अजून आहे. स्वस्त वर्गणीच्या देशात नुसतं नाव नोंदवायचं, तिथे ना कचेरी ना काम, आणि तिथले दाखले घेऊन माणसं दुसरीकडे राबवायची. एका देशाचा ए१ दाखला दुसऱ्या देशाला मानावाच लागतो, म्हणून तपास करणारे हतबल व्हायचे. बल्गेरियातून बेल्जियममध्ये आणलेल्या बांधकाम कामगारांच्या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने वाट मोकळी केली: फसवणुकीचा पुरावा दाखला देणाऱ्या देशापुढे ठेवला आणि त्याने वेळेत फेरतपासणी केली नाही, तर यजमान देशाचं न्यायालय तो दाखला बाजूला ठेवू शकतं. २०१९ मध्ये युरोपीय श्रम प्राधिकरण स्थापन झालं, त्याचं मुख्यालय स्लोव्हाकियाच्या ब्रातिस्लाव्हा शहरात आहे. दोन देशांच्या निरीक्षकांनी मिळून एकाच साइटवर तपासणी करायची, अशी कामं ते घडवून आणतं.

मुलं गावाकडे, आई व्हिएन्नात

ऑस्ट्रियात म्हाताऱ्या माणसांच्या घरी राहून चोवीस तास सेवा करणाऱ्या बायकांमध्ये स्लोव्हाकिया आणि रोमानियातून आलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांची मुलं मागे आजीकडे असतात. त्या ऑस्ट्रियात कर आणि वर्गणी भरतात, म्हणून मुलांसाठीचा ऑस्ट्रियन भत्ता त्यांना मिळतो, मूल कुठेही राहत असलं तरी.

जानेवारी २०१९ पासून ऑस्ट्रियाने ठरवलं की मूल ज्या देशात राहतं तिथल्या महागाईप्रमाणे भत्ता द्यायचा. रोमानियात दूध-भाजी स्वस्त, मग भत्ताही कमी. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण त्या बाईकडून कर घेताना कुणी म्हटलं नाही की तुझं घर स्वस्ताईच्या देशात आहे, तर तुला कर कमी लावू. १६ जून २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला, आणि कारणही जवळपास हेच दिलं: हे कामगार ऑस्ट्रियाच्या व्यवस्थेत स्थानिकांइतकीच भर घालतात, म्हणून हक्कही तितकाच. दुसऱ्याच्या आईची रात्रंदिवस सेवा करून आपल्या मुलाला फोनवर भेटणाऱ्या बाईच्या ताटातला घास कमी करायला निघालेला तो नियम रद्द झाला याचं मला आजही बरं वाटतं.

रोजगार वाढवायचा, पण हुकूम नाही

आतापर्यंत जे सांगितलं ते सक्तीचे नियम. न पाळणारा देश न्यायालयात खेचला जातो. नोकऱ्या कशा वाढवायच्या, तरुणांना कामाला कसं लावायचं, या बाबतीत मात्र सक्ती नाही. १९९७ मध्ये आम्स्टरडॅमच्या करारात रोजगारावर स्वतंत्र प्रकरण आलं आणि त्याच वर्षी लक्झेंबर्गच्या बैठकीत पद्धत ठरली. सगळ्यांनी मिळून उद्दिष्टं ठरवायची, प्रत्येकाने आपला मार्ग निवडायचा, ठरावीक काळाने एकमेकांचे अहवाल वाचायचे आणि सूचना करायच्या. दंड नाही.

याने फरक पडतो का? थोडा पडतो. २००० मध्ये लिस्बनला ठरलं की २०१० पर्यंत काम करण्याच्या वयातल्या ७० टक्के लोकांना रोजगार असावा. ते गाठता आलं नाही. मग २०२० साठी ७५ टक्के ठरले, तेही हुकले. आता २०३० साठी ७८ टक्के ठरले आहेत. पण आकडे शेजारी शेजारी मांडले की प्रत्येक सरकारला घरच्या वर्तमानपत्रांना उत्तर द्यावं लागतं, आणि दुसऱ्याकडे चाललेली चांगली कल्पना उचलता येते. २०१३ ची तरुणांसाठीची हमी अशीच पसरली: शाळा सुटलेल्या किंवा नोकरी गेलेल्या २५ वर्षांखालच्या तरुणाला चार महिन्यांच्या आत नोकरी, शिक्षण किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ करायचं.

आपल्याकडचे धागे

गोव्यातल्या अनेक घरांना ही व्यवस्था पुस्तकाबाहेर माहीत आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि ते पारपत्र घेऊन हजारो गोंयकार इंग्लंडला गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. समजा एखाद्याने लिस्बनमध्ये ६ वर्षं काम केलं आणि मग स्विंडनच्या गोदामात ९. पोर्तुगालच्या पेन्शनला १५ वर्षं लागतात, ब्रिटनच्या सरकारी पेन्शनला १०. सुटी सुटी मोजली तर दोन्हीकडे अपुरी, एकत्र मोजली तर दोन्हीकडे पुरी. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही, ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे तिथे जाऊन राहिले होते त्यांची ही बेरीज विभक्त होण्याच्या करारात शाबूत ठेवली गेली.

भारताने असे करार एकेका देशाशी केले आहेत. पहिला अमलात आला तो बेल्जियमबरोबरचा, २००९ मध्ये. जर्मनीबरोबरचा व्यापक करार १ मे २०१७ पासून चालू आहे. पुण्याच्या कंपनीने इंजिनिअरला ठरावीक मुदतीसाठी श्टुटगार्टला पाठवलं, तर पीएफ कार्यालयाचा दाखला दाखवून तो इथलाच पीएफ चालू ठेवतो आणि जर्मन पेन्शनची वर्गणी वाचते. आणि तिथल्या कंपनीत ३ वर्षं नोकरी करून तो परतला, तर त्याची इथली पीएफची वर्षं जोडून जर्मनीची ५ वर्षांची अट भरता येते. अमेरिकेबरोबर असा करार नाही. तिथल्या पेन्शनच्या हक्काला सुमारे १० वर्षांची वर्गणी लागते, आणि त्याआधी परतलेल्याच्या पगारातून कापलेली रक्कम तिकडेच राहते.

हे झालं विमानाने जाणाऱ्यांचं. आपला खरा शेजार तर रत्नागिरीच्या आंब्याच्या बागांत आणि मच्छीमारी बोटींवर आहे. बागा राखणारे आणि बोटींवर खलाशी म्हणून राबणारे कितीतरी जण नेपाळी आहेत. भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला परवाना लागत नाही. पीएफच्या नियमांतही नेपाळी कामगाराला परदेशी न धरता भारतीयच धरलेलं आहे. पण पीएफ लागू होतो तो २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना, म्हणजे बागेच्या राखणदारापर्यंत तो पोचतच नाही. नेपाळनेही २०१८ मध्ये वर्गणीवर चालणारी सामाजिक सुरक्षा योजना सुरू केली. इकडची वर्षं तिकडे मोजली जातील असा धागा मात्र या दोन व्यवस्थांमध्ये नाही.

तो कधी जोडायचाच ठरला, तर कामाची सुरुवात पेन्शनच्या हिशोबापासून करता येणार नाही. युरोपात बेरीज होऊ शकते कारण प्रत्येक महिन्याची नोंद कुठल्या तरी सरकारी वहीत आहे. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात बोटीवर चढणाऱ्या खलाशाचं नाव, चढल्याची तारीख आणि ठरलेली मजुरी आज लिहिली गेलीच तर मालकाच्या वहीत लिहिली जाते, आणि हंगाम संपला की ती वही मिटते.